शास्त्रपाठ आणि रोजचा दिवस

ख्रिस्ती घरांत बायबल रोज उघडले जाते. मात्र सकाळी वाचलेल्या त्या चार ओळींचे दिवसभरात काय होते, हा प्रश्न बाहेरच्या वाचकाला सहसा पडत नाही. त्याची दोन ठळक उत्तरे पुणे जिल्ह्यातच घडली. एक लोणावळ्यात आणि दुसरे केडगावात.

पावसाळ्यातील शनिवार-रविवारी भुशीकडे जाणारा रस्ता वाहनांनी तुडुंब भरलेला असतो. धरणाच्या पायऱ्यांवरून ओसंडणारे पाणी, भाजलेली कणसे, कांदाभजी आणि परतताना चिक्कीचे पुडे, एवढ्यावर मुंबई-पुणेकरांची भुशी संपते. हे धरण मुळात पर्यटकांसाठी नव्हतेच. बोरघाट चढून येणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागे आणि त्यासाठी जीआयपी रेल्वेने ते बांधले. घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि लोणावळा हे रेल्वेचे गाव बनले. रेल्वेच्या नोकरीबरोबर युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडील ख्रिस्ती कुटुंबे येथे आली. थंड हवेमुळे मुंबईच्या धर्मसंस्थांनीही लोणावळा-खंडाळ्यात विश्रांतीची आणि मौनसाधनेची घरे उभारली.

मौनासाठी या डोंगरांची निवड करणारे ते पहिले नव्हेत. भाजे आणि कार्ले येथील लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खू पावसाळ्याचे महिने एका जागी राहून काढत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले तेही लोणावळ्यातच. याच गावात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून ‘साधना’ नावाची संस्था आली. तिचे संस्थापक फादर अँथनी डिमेलो हे मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले, वयाच्या सोळाव्या वर्षी येशूसंघात दाखल झालेले धर्मगुरू. धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांना समुपदेशनाचे व आध्यात्मिक मार्गदर्शनाचे शिक्षण देणे हे संस्थेचे काम. डिमेलोंची पुस्तके पुढे जगभर वाचली गेली, मात्र मराठी वाचकाला लोणावळ्याशी असलेला त्यांचा संबंध फारसा ठाऊक नाही.

आपल्याकडे येणाऱ्या धर्मगुरूंबाबत डिमेलोंच्या ध्यानात आलेली गोष्ट साधी होती. ही माणसे वर्षानुवर्षे प्रार्थना करीत होती, बायबल वाचत होती, त्यावर प्रवचने देत होती आणि तरीही अनेकांची प्रार्थना कोरडी पडली होती. वाचन थांबले नव्हते, पण वाचलेले आत उतरत नव्हते. व्यवसायानेच बायबल वाचणाऱ्यांची ही अवस्था असेल, तर नोकरी, लोकल आणि मुलांची शाळा सांभाळून पहाटे दहा मिनिटे काढणाऱ्या सामान्य ख्रिस्ती माणसाचे काय होत असेल?

रोजचा वाटा कसा ठरतो

बायबल हा एक ग्रंथ म्हणून ओळखला जात असला तरी वास्तविक तो ग्रंथसंग्रह आहे. प्रोटेस्टंट पंथीयांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तके असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. त्यात कायदा आहे, इतिहास आहे, वंशावळी आहेत, प्रेमगीते आहेत, राजांना खडसावणाऱ्या संदेष्ट्यांची भाषणे आहेत, शुभवर्तमाने आहेत आणि पत्रेही आहेत. पहिल्या पानापासून नेटाने वाचायला बसलेला माणूस बहुधा तिसऱ्या पुस्तकातल्या यज्ञविधींपाशी अडखळतो. म्हणून रोज किती आणि काय वाचायचे, याची व्यवस्था प्रत्येक पंथाने आपापल्या परीने लावलेली आहे.

कॅथलिक चर्चमध्ये ही व्यवस्था जगभर एकच असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) मिस्साविधी लॅटिनऐवजी लोकभाषेत होऊ लागला आणि वाचनांचे नवे वेळापत्रक तयार झाले. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. पहिल्या वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्कचे, तिसऱ्या वर्षी लूकचे. योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः विशिष्ट काळांत वाचले जाते. आठवड्याच्या इतर दिवशी सामान्य काळातले पहिले वाचन दोन वर्षांच्या चक्रात बदलते, शुभवर्तमानाचा उतारा मात्र दरवर्षी तोच. त्यामुळे वसईतल्या चर्चमध्ये आज सकाळी वाचला जाणारा उताराच मनिला आणि माद्रिदमध्येही वाचला जातो. याच परिषदेने १९६५ मध्ये सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्र स्वतः वाचण्याचे आवाहन केले. आज हे स्वाभाविक वाटते. पण त्याआधी सामान्य कॅथलिक कुटुंबात बायबलपेक्षा जपमाळच अधिक हाताळली जात असे, हे लक्षात घेतले तर त्या आवाहनाचे वजन कळते.

प्रोटेस्टंट घरांत शास्त्रवाचनाची सवय जुनी. एकेक अध्याय क्रमाने वाचणे, सोबत एखादे स्तोत्र, मग कुटुंबातील कोणाची तरी उत्स्फूर्त प्रार्थना, अशी कौटुंबिक उपासनेची सर्वसाधारण रीत. जर्मनीतील हर्नहुट या खेड्यातील मोरेव्हियन मंडळीने १७३१ पासून दरवर्षी एक छोटेखानी पुस्तिका छापायला सुरुवात केली. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी त्यात एकेक वचन असते. ही परंपरा अजून खंडित झालेली नाही. घरोघरी दिसणाऱ्या ‘आजचे वचन’ छापलेल्या दिनदर्शिका आणि सकाळी मोबाइलवर येणारे वचनाचे संदेश हे याच घराण्यातले म्हणता येतील. संदेश पुढे पाठवण्यास लागणारा वेळ तो वाचण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी असतो, ही त्यातली अडचण.

वाचन, मग रवंथ

वाचलेले पचवायचे कसे, याचे शास्त्र मध्ययुगीन मठांनी घडवले. बाराव्या शतकातील ग्विगो नावाच्या कार्थुशियन मठाधिपतीने त्याची चार पायऱ्यांची शिडी मांडली: वाचन, मनन, प्रार्थना आणि अखेरीस शब्दांपलीकडचे शांत दर्शन. यातल्या मननासाठी मठवासी जो शब्द वापरत त्याचा मराठी प्रतिशब्द आपल्या गोठ्यातच आहे: रवंथ. गाय घाईने चरते आणि मग निवांत बसून तेच पुन्हा चघळते. तसे चार ओळी वाचायच्या, एखादा शब्द मनाला अडला की तेथेच थांबायचे आणि तो तोंडात घोळवीत राहायचे. उतारा पूर्ण होणे आवश्यक नाही.

मराठी वाचकाला येथे श्रवण, मनन, निदिध्यासन ही उपनिषदांतील त्रयी आठवेल. ज्ञानेश्वरीतील एखादीच ओवी घ्यावी, पण ती जगून पाहावी, ही वारकऱ्यांची शिकवणही आठवेल. साम्य खरे आहे. फरक असा की ख्रिस्ती मननाच्या मधोमध संवाद गृहीत धरलेला असतो. वचन कोणीतरी आपल्याशी बोलत आहे, या विश्वासाने वाचले जाते आणि तिसऱ्या पायरीवर वाचणाऱ्याने उत्तर द्यायचे असते. ते उत्तर आभाराचे असेल, तक्रारीचे असेल, कधी सरळ नकाराचेही असेल. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे म्हणजे देवाशी घातलेला वादच आहे.

डिमेलोंचे ‘साधना’ हे पुस्तक १९७८ मध्ये गुजरातमधील आणंद येथून प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती साधनेला पौर्वात्य रूप देणाऱ्या सरावांचा तो संग्रह आहे. पुस्तकाचा पहिला भाग केवळ सजगतेचा. ताठ बसणे, अंगावरील कपड्याचा स्पर्श जाणवून घेणे, कानावर पडणारे आवाज ऐकणे, श्वास येतो-जातो तो पाहणे. विपश्यनेचा परिचय असलेल्यांना हे नवीन नाही आणि तिचे ऋण लपवलेलेही नाही. दुसरा भाग कल्पनाशक्तीचा आणि तिसरा भक्तीचा. वर सांगितलेली मठांची रीत या तिसऱ्या भागात येते. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शरीर आणि मन जागेवर यावे, मगच शास्त्र हाती घ्यावे, असा त्याचा अर्थ. धावत्या मनाने वाचलेले वचन हे कानामागून गेलेल्या सूचनेसारखे असते.

कल्पनाशक्तीचा भाग मात्र पूर्वेकडून आलेला नाही. तो येशूसंघाच्या घरचाच आहे. संघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस हे स्पेनमधील सरदार घराण्यातील सैनिक. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर त्यांना वीरकथा हव्या होत्या, पण घरात उपलब्ध होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. त्या वाचताना त्यांनी एक गोष्ट टिपली. पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मन उल्हसित होई, पण नंतर पोकळी उरे. ख्रिस्ताच्या मागे जाण्याची चित्रे रंगवली की नंतरही समाधान टिकून राही. या निरीक्षणातून पुढे ‘आध्यात्मिक साधना’ हे त्यांचे मार्गदर्शक पुस्तक घडले आणि १५४८ मध्ये छापले गेले. शुभवर्तमानातील प्रसंगात कल्पनेने शिरावे, जागा पाहावी, आवाज ऐकावेत, वास घ्यावा आणि त्या गर्दीत आपण कोठे उभे आहोत ते तपासावे, ही त्यांची पद्धत.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आहे. कॅथलिक वेळापत्रकात तो साधारण ऑगस्टच्या उत्तरार्धात, म्हणजे मावळात भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात तेव्हा येतो. मळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, दिवसाचे एक नाणे कबूल करतो. नऊ वाजता, दुपारी, तीन वाजता तो पुन्हा जातो आणि आणखी माणसे आणतो. सायंकाळी पाचला पाहतो तर काही जण अजून उभेच; कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते सांगतात. त्यांनाही तो मळ्यात धाडतो. सूर्यास्ताला मजुरी वाटताना शेवटी आलेल्यांपासून सुरुवात होते आणि तासभर राबलेल्यांच्या हातावरही पूर्ण नाणे पडते. दिवसभर उन्हात राबलेले साहजिकच कुरकुरतात. मालक म्हणतो, ठरले तेवढे तुम्हाला मिळाले आहे. माझ्या उदारपणाचा तुम्हाला त्रास का व्हावा?

हा दाखला नुसता वाचला तर देवाची कृपा सर्वांना सारखी, असा निष्कर्ष निघतो आणि पुस्तक मिटते. इग्नेशियसच्या रीतीने वाचणाऱ्याला मात्र त्या बाजारात जाऊन उभे राहावे लागते. तो बाजार शोधण्यास पॅलेस्टाइनला जाण्याचे कारण नाही. पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये सकाळी मजूर अड्ड्यावर घमेली, थापी आणि जेवणाचे डबे घेऊन माणसे उभी असतात. दहा वाजेपर्यंत धडधाकट तरुण निवडले जातात. उरतात ते वयस्कर, अशक्त, लेकुरवाळ्या बाया. मूळ ग्रीक मजकुरातील ‘देनारिओन’ हे चांदीचे नाणे म्हणजे मजुराच्या घरची एका दिवसाची चूल. पाच वाजेपर्यंत ताटकळलेल्या माणसाच्या घरी भूक कमी असते काय? आता प्रश्न वाचणाऱ्याकडे वळतो. मी या दाखल्यात कोण आहे? अड्ड्यावरून सर्वांत स्वस्त माणूस उचलणारा ठेकेदार, शेवटपर्यंत उभा राहिलेला मजूर, की दुसऱ्याच्या हातातले नाणे पाहून ज्याचे स्वतःचे नाणे एकाएकी लहान झाले तो? पगारवाढीच्या पत्रांच्या दिवसांत कार्यालयात बसून हा दाखला वाचून पाहावा. तिसरी भूमिका किती सहज जमते ते कळते.

इग्नेशियसची मननाला जोडलेली आणखी एक अट म्हणजे दिवसाची उजळणी. येशूसंघी ती दिवसातून दोनदा करतात, संसारी माणसे बहुधा रात्री. दिवसभरात मिळालेल्याबद्दल आभार मानायचे, स्वच्छ दृष्टी मागायची, मग सकाळपासूनचे तास एकेक करून डोळ्यांपुढून न्यायचे. कोठे मन खुले होते, कोठे आक्रसले, कोणाला तोडून बोललो. शेवटी क्षमा मागून उद्याचा विचार. पंधरा मिनिटे पुरतात. सकाळचा दाखला आणि रात्रीची उजळणी या दोन टोकांत दिवस पकडला जातो; त्यांतले एक टोक सुटले तर उरते ते निव्वळ वाचन किंवा निव्वळ पश्चात्ताप.

एका उताऱ्याचे काय झाले

मनन ही खासगी बाब आहे, तिचा बाहेर काय परिणाम होतो ते कसे मोजणार, अशी शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी लोणावळ्याहून पुणे ओलांडून दौंडच्या वाटेवरील केडगावला जावे लागते.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे चालणारे आपले काम दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय दिला जाई. हिंदू शास्त्रांचा अभ्यास केलेल्या रमाबाईंना प्रश्न पडला, की या स्त्रियांविषयी ही करुणा येते कोठून? उत्तरादाखल तेथील भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर भरदुपारी एकटीच पाण्याला आलेली शोमरोनी स्त्री, पाच नवरे झालेली, परक्या आणि तुच्छ मानलेल्या जमातीची; तिच्याकडे येशू पाणी मागतो आणि धर्मातील सर्वांत गंभीर विषयावर तिच्याशीच बोलतो. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट येथे संपत नाही, किंबहुना रमाबाईंच्या मते ती येथे सुरूही झालेली नव्हती. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ म्हटले आहे, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळले, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. धर्मांतरावर आपल्याकडे जो वाद चालतो त्यात दोन्ही बाजूंना हे विधान गैरसोयीचे आहे. म्हणूनच बहुधा ते फारसे कोणी उद्धृत करीत नाही. मत बदलणे हा एका दिवसाचा निर्णय असतो, तर जगणे बदलण्यास रमाबाईंसारख्या विदुषीलाही आठ वर्षे शास्त्राशी झुंजावे लागले.

त्या झुंजीचे फळ दिसते ते केडगावात. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढे पुण्यात आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली व बालविधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. शेती, विणकाम, छपाई, दुग्धालय असे अनेक उद्योग या स्त्रियाच चालवीत. त्याच आवारात रमाबाईंनी ‘कृपासदन’ काढले. ते होते समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी. फुलहॅमला ऐकलेला विहिरीवरच्या स्त्रीचा उतारा आणि केडगावचे कृपासदन यांत दीड दशकाचे अंतर आहे. एका अध्यायाचे रवंथ इतके दिवस चालू शकते.

रमाबाईंच्या ध्यानात आणखी एक अडचण आली होती. मराठी बायबल तोपर्यंत उपलब्ध होते. सेरामपूरला विल्यम केरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मराठी भाषांतराला हात घातला होता. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ मध्ये नवा करार छापला आणि पुढे १८४७ मध्ये संपूर्ण बायबलही मराठीत आले. पण ही भाषा पंडिती वळणाची होती. मुक्तीतील मुलगी नुकतीच अक्षरे गिरवू लागलेली. तिला रोज स्वतः वाचून समजेल असा मजकूर तो नव्हता. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होते त्या रमाबाईंनाच हे खटकले, हे विशेष. संस्कृतातून आलेले धार्मिक शब्द जुने अर्थ बरोबर घेऊन येतात, असाही त्यांचा आक्षेप होता. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून घेतल्या आणि सगळ्या बायबलचे सोप्या मराठीत एकहाती भाषांतर केले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यात गेली. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे करणाऱ्या स्त्रियांनीच ते बायबल छापले.

डिमेलो आणि रमाबाई यांचा काळ, पंथ आणि स्वभाव पूर्ण वेगळे. दोघांनाही दिसलेला अडथळा मात्र एकच होता, ग्रंथ आणि वाचणारा यांच्यामधले अंतर. एकाने ते कमी करण्यासाठी बसण्याची रीत बदलली, दुसरीने भाषा. प्रस्तुत लेखकाच्या मते रमाबाईंचे काम अधिक मूलगामी होते. श्वासाकडे लक्ष देण्याआधी अक्षर कळावे लागते.

या संदर्भात टिळक दांपत्याचा उल्लेख टाळता येणार नाही. नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाकडून. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शुभवर्तमान मराठी ओवी-अभंगांत आणणाऱ्या या कवीची भजने आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. त्यांच्या अपुऱ्या ‘ख्रिस्तायना’चे पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते पूर्ण केले. पण रोजच्या जगण्यात विश्वास कसा मुरतो हे पाहायचे तर लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. नवऱ्याच्या घरी परतल्यावरही सोवळे पाळणाऱ्या, वेगळी चूल मांडणाऱ्या या बाईंच्या मनातून जातिभेद गेला तो कोणाच्या उपदेशाने नव्हे, स्वतःशी केलेल्या विचाराने. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो टिळकांनंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये.

अर्थ लावायचा कोणी?

शास्त्र प्रत्येकाच्या हाती दिले, प्रत्येकाला मनन करायला शिकवले, की एक धोका संभवतो. मनन करणाऱ्याला भलताच अर्थ सापडला तर? लोणावळ्याच्या बाबतीत हा प्रश्न थेट रोमपर्यंत गेला.

डिमेलोंचे २ जून १९८७ रोजी न्यूयॉर्क येथे अकस्मात निधन झाले. ११ वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांतविषयक विभागाने त्यांच्या लेखनाबाबत एक सूचना जारी केली. तीवर विभागप्रमुख कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे यांची सही होती. डिमेलोंच्या लेखनात पौर्वात्य ज्ञानातील काही ग्राह्य घटक असून ते आत्मसंयमनास साह्यभूत ठरू शकतात, हे सूचनेने मान्य केले. पण उत्तरोत्तर हे लेखन ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून दूर जाते, असा निष्कर्षही काढला. देव निराकार शून्यात विरून जातो, येशू अनेक गुरूंपैकी एक उरतो आणि बायबलसह सर्व धर्मग्रंथ केवळ वाट दाखवणाऱ्या खुणा ठरतात, असे आक्षेपाचे मुद्दे होते. भारतातील अनेक येशूसंघींना ही सूचना अन्यायकारक वाटली. डिमेलोंची शैली गोष्टींची. सुफी, झेन, हिंदू, ख्रिस्ती अशा सर्व परंपरांतल्या छोट्या कथा ते सांगत. गोष्टीकडे सिद्धांत म्हणून पाहिले की ती हमखास अपुरी पडते, असे त्यांच्या बाजूचे म्हणणे.

हा वाद तटस्थपणे पाहिला तरी त्यातील प्रश्न खरा आहे. ग्रंथ ही केवळ खूण असेल तर मुक्कामी पोहोचलेल्याला तो रोज उघडण्याचे कारण उरत नाही. ख्रिस्ती परंपरेचा आग्रह असा, की वचन वाचणाऱ्याच्या अनुभवात विरघळून जाऊ नये. त्याने वाचणाऱ्याला अडवण्याची, नको ते ऐकवण्याची ताकद राखावी. म्हणून एकट्याच्या मननाला समूहाची जोड दिलेली असते. कॅथलिकांत रविवारचे प्रवचन आणि चर्चची शिकवण, प्रोटेस्टंटांत पाळकांचा संदेश आणि घरोघरी भरणारे बायबल अभ्यासवर्ग. एकाने लावलेला सोयीस्कर अर्थ दुसऱ्याच्या प्रश्नाने तपासला जातो. अर्थात समूहही एकत्रितपणे सोयीस्कर होऊ शकतो. गुलामगिरीचे समर्थन करणारे मळेवाले बायबल वाचतच होते आणि भारतातल्या काही चर्चमध्ये जातवार बाके होती, तेथेही दाखले वाचले जात होतेच.

महाराष्ट्रात अलीकडच्या काळात हे अंतर कमी करण्याचा मोठा प्रयत्न केला तो वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. त्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१३ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसईत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन आणि हरित वसईसाठीचा लढा एकाच वेळी चालवणारा हा धर्मगुरू २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या बायबलचा वाचकवर्ग ख्रिस्ती समाजापुरता मर्यादित राहिला नाही. उलट शहरी ख्रिस्ती कुटुंबांतील इंग्रजी माध्यमात शिकलेली पिढी इंग्रजीतूनच वाचू लागली आहे. आजीची प्रार्थना एका भाषेत आणि नातवाची दुसरीत, अशी स्थिती. रमाबाईंना पंडिती मराठी आणि मुलींची मराठी यांतले अंतर बुजवायचे होते. आताचे अंतर त्याहून वेगळे आहे.

वेळ नाही, ही सबब मात्र शास्त्रपाठाच्या बाबतीत फारशी टिकत नाही. आठवड्याच्या दिवशीचा शुभवर्तमानाचा उतारा बहुधा दहा-पंधरा ओळींचा असतो. भुशीहून पुण्याला कामाला जाणाऱ्याने लोणावळ्याला लोकल पकडून तो मोबाइलवर उघडला, तर मळवली येईपर्यंत सावकाश वाचून होतो. तेथून शिवाजीनगरला पोहोचेपर्यंत तासाभराहून अधिक वेळ हाती असतो.